परत आलेल्या आवाजाचा हिशेब

समुद्रात मासे किती, या प्रश्नाची आपल्याकडची बहुतेक उत्तरे बंदरावर मिळालेली आहेत. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेची माणसे गेली कित्येक दशके देशभरातल्या बंदरांवर जातात, आलेल्या नौका मोजतात, उतरलेल्या मासळीचे नमुने घेतात आणि त्यावरून वर्षाचा आकडा बांधतात. काम चिकाटीचे आहे. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली उतरली होती आणि २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली, हे त्या मोजणीमुळेच कळले. पण तारली मेली, खोल उतरली की दुसरीकडे वळली, ते टोपली सांगत नाही. तिच्यात आले तेवढ्याचाच हिशेब तिच्याकडे असतो.

शिवाय हा हिशेब फसवाही होऊ शकतो, आणि तसे होण्याचे एक कारण याच पुस्तकाच्या विषयात दडलेले आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा मालवणात कुठल्याही बऱ्यापैकी यांत्रिक नौकेच्या केबिनमध्ये आज फिशफाइंडर, म्हणजे प्रतिध्वनीवरून मासा दाखवणारे यंत्र, असतो. एके काळी पाण्याचा रंग, पक्ष्यांची झुंबड, रात्रीच्या पाण्यातली चमक यांवरून तांडेल थव्याचा माग काढी. आता पडद्यावर लाल डाग उमटला की जाळे पडते. साठा निम्म्यावर आला तरी उरलेले थवे हुडकून काढता येतात, म्हणून फेरीमागची मासळी बराच काळ तेवढीच राहते. सगळे ठीक चालले आहे असे वाटत असतानाच एखादा हंगाम कोरडा जातो. जे यंत्र मासा शोधून देते, तेच साठा घटल्याची खूण पुसून टाकते. तेव्हा पकडीवर विसंबून न राहता थेट पाण्यालाच विचारायचे, तर कसे विचारायचे, हा पुढच्या प्रकरणांचा विषय आहे.

प्रकाशाने विचारून भागत नाही. अगदी नितळ समुद्रातसुद्धा २०० मीटरच्या खाली उरलेला उजेड वनस्पतींनाही पुरत नाही. उपग्रह पाण्याचे वरचे पदर पाहतो, त्याचा रंग आणि तापमान टिपतो. खालचा मासा त्याला दिसत नाही. ध्वनी मात्र समुद्राच्या पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त, आणि वारंवारिता नीट निवडली तर किलोमीटरभर खाली जाऊन परत येण्याइतका दम धरतो. टायटॅनिक बुडाल्यानंतर दोन वर्षांनी, १९१४ साली, रेजिनाल्ड फेसेंडेनने हिमनगावर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकवून दाखवला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या पॉल लांझव्हँने पाणबुड्या शोधायला क्वार्ट्झची स्फटिके कामाला लावली. माशांचा विचार तेव्हा दोघांच्याही मनात नव्हता. तो आला नॉर्वेत. तिथल्या ऑस्कर सुंडने १९३५ साली ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण आणि एक चित्र छापले. लोफोटेन बेटांजवळ अंडी घालायला जमलेले कॉड मासे पाण्यात ठरावीक खोलीवर एका पातळ थरात कसे तरंगत असतात, ते इको-साउंडरच्या कागदावर उमटले होते. जहाज पुढे जाते, यंत्र खाली आवाज सोडते, आणि परतलेल्या आवाजाच्या जोरानुसार कागदावर काळे-करडे ठिपके पडत जातात. या चित्राला इकोग्राम म्हणतात आणि तो आज रंगीत पडद्यावर दिसतो, एवढाच काय तो बाहेरून दिसणारा फरक.

खुल्या महासागराशी मात्र या विद्येची गाठ युद्धानेच घालून दिली. १९४२ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर अमेरिकी नौदलासाठी काम करणारे आयरिंग, क्रिस्टेन्सन आणि रेट हे तिघे पाण्यातल्या ध्वनीच्या घुमण्याचा अभ्यास करत होते. तळ हजारो मीटर खाली असताना मध्येच, सुमारे ३०० ते ५०० मीटरवर, आवाज परतवणारा एक सलग थर त्यांना सापडला. पाणबुडी नव्हे, तळही नव्हे. पुढे इतर जहाजांनाही असे ‘खोटे तळ’ दिसत गेले. १९४५ साली स्क्रिप्स संस्थेच्या मार्टिन जॉन्सनने दिवस-रात्र या थरावर नजर ठेवली. सूर्य कलला तसा थर वर चढू लागला, रात्री पृष्ठभागाजवळ पसरला आणि पहाटे परत खाली गेला. तळ चढत-उतरत नाही, म्हणजे हे काहीतरी जिवंत होते. इतके जिवंत, इतके दाट आणि इतक्या दूरवर पसरलेले, की आवाजाला त्याची भिंत वाटावी. लहान मासे, कोळंबीच्या जातीचे जीव, माखले, जेलीसारखे प्राणी असे सगळे मिसळून तो थर बनतो आणि जगातल्या जवळपास सगळ्या महासागरांत तो आहे. अंधारात वर येऊन खायचे आणि उजेडात शत्रूच्या नजरेआड खाली जायचे, असा त्याचा रोजचा क्रम. १९६३ च्या खग्रास सूर्यग्रहणात भर दिवसा अंधारले तेव्हाही हा थर वर सरकताना नोंदला गेला.

थर दिसणे आणि थरात किती जीव आहेत ते सांगणे, यांत फार मोठे अंतर आहे. ते कापण्यासाठी जे काही करावे लागते ते मला या शास्त्राचा गाभा वाटते. यंत्राची जाहिरात करणारी माहितीपत्रके नेमके तेच गाळतात.

आधी, मासा आवाज का परतवतो? माशाचे मांस ध्वनीच्या दृष्टीने जवळजवळ पाणीच असते. आवाज उसळी मारतो तो पाणी आणि वायू यांच्या सीमेवर, आणि तसा वायू बहुतेक माशांच्या पोटात वाताशयात भरलेला असतो. घोळ माशाचे ‘बोत’ पालघरकडच्या बंदरांवर सोन्याच्या भावाने का जाते हे मासेमारांना ठाऊक असते, तोच अवयव. केनेथ फूट यांनी १९८० साली मोजून दाखवले, की वाताशय असलेल्या माशाच्या प्रतिध्वनीतला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या वाताशयाचा असतो. म्हणजे इको-साउंडरला मासा दिसतच नाही म्हणा ना, त्याच्या पोटातला फुगा दिसतो. उत्तर अटलांटिकमधल्या मॅकरेलला वाताशय नसते, म्हणून त्याचा भलामोठा थवासुद्धा दबक्या आवाजात बोलतो. ट्यूनांचीही तीच तऱ्हा: यलोफिनला वाताशय आहे, स्किपजॅकला नाही. दोघे एकाच थव्यात पोहत असले तर पडद्यावर कुणाचे किती, ते सरळ वाचता येत नाही.

फुग्याचेही प्रकार आहेत. हेरिंग माशाला खोल पाण्यात वाताशय पुन्हा भरता येत नाही. पृष्ठभागावर गिळलेली हवा घेऊन तो खाली उतरतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून हवेचे आकारमान निम्मे. नव्वद मीटरवर ते एक दशांश. तोच मासा, तेवढ्याच वजनाचा, खोल गेला की आवाजाने लहान होतो. कॉडला मात्र रक्तातून वायू सोडून वाताशय फुगवत ठेवता येते. म्हणून दोघांसाठी वेगवेगळी सूत्रे वापरतात. ३८ किलोहर्ट्झच्या आवाजाला ३० सेंटिमीटर लांबीचा हेरिंग सुमारे −४२.४ डेसिबल जोराने उत्तर देतो, तेवढ्याच लांबीचा कॉड सुमारे −३७.९ डेसिबल. साडेचार डेसिबलचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण डेसिबलच्या मापात दर तीन पायऱ्यांना ऊर्जा दुप्पट होते, तेव्हा हेरिंगच्या थव्याला चुकून कॉडचे सूत्र लावले तर माशांची संख्या जवळजवळ एक तृतीयांश निघेल. आणि हे झाले मासा आडवा पोहत असेल तर. तो डोके खाली करून सूर मारत असेल तर वाताशयाची वरून दिसणारी बाजूच बदलते आणि हिशेब परत हलतो.

एकेका माशाचा प्रतिध्वनी वेगळा काढणे दाट थव्यात शक्य नसते. तिथे सगळ्यांचा मिळून परतलेला आवाज गोळा करतात आणि एका माशाच्या आवाजाने भागतात. १९६५ साली नॉर्वेच्या ओलाव्ह ड्रागेसुंड आणि स्टाइनार ओल्सेन यांनी ही बेरीज करणाऱ्या उपकरणाची मांडणी केली. बर्गनच्या सागरी संशोधन संस्थेभोवती ही सारी विद्या वाढली आहे. दुप्पट मासे असले तर दुप्पटच ऊर्जा परत येते का, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. फूट यांनी पिंजऱ्यातल्या माशांवर प्रयोग करून १९८३ साली त्याला होकारार्थी उत्तर दिले. भागाकार शाळकरी आहे, पण भाजक कुठून आणायचा यात सगळे पांडित्य खर्ची पडते.

यंत्र स्वतः खरे बोलते की नाही, हे तपासायची रीत मात्र मला भलतीच आवडते, म्हणून ती जरा जवळून सांगतो. मोहिमेआधी जहाज एखाद्या शांत खाडीत नांगरतात. एका कठड्यावर एक आणि समोरच्या कठड्यावर दोन अशी गळाची तीन रिळे बसवतात. तिन्हींचा तंगूस जहाजाच्या पोटाखालून ओढून घेऊन एका ठिकाणी बांधतात आणि त्याला टंगस्टन कार्बाइडचा एक गोळा टांगतात. व्यास ३८.१ मिलिमीटर, टेबल टेनिसच्या चेंडूहून किंचित लहान, पण हातात घेतला तर चकित व्हावे इतका जड. पाण्यात सोडण्याआधी तो साबणाच्या पाण्यात बुडवतात, कारण त्यावर हवेचा एखादा बुडबुडा चिकटून राहिला तर गोळ्याऐवजी बुडबुड्याचीच नोंद व्हायची. गाठीसुद्धा लहान मारायच्या, त्याही आवाज परतवतात. मग तिन्ही रिळे कुणी थोडे सोडत, कुणी थोडे गुंडाळत गोळ्याला आवाजाच्या शंकूत सगळीकडे फिरवायचे. केबिनमधला माणूस ओरडतो, डावीकडे अर्धा मीटर. कठड्यावरचे दोघे एकाच वेळी ओढतात आणि गोळा शंकूबाहेर जातो. यात सकाळची दुपार सहज होते. पाण्याचे तापमान आणि क्षारता माहीत असली की या गोळ्याने किती आवाज परतवायला हवा ते गणिताने पक्के ठाऊक असते. ३८ किलोहर्ट्झला ते उत्तर सुमारे −४२ डेसिबल येते, म्हणजे मघाच्या ३० सेंटिमीटर हेरिंगएवढेच. यंत्र त्याहून कमी-जास्त दाखवत असेल तर तेवढी दुरुस्ती करायची. तांडेलाच्या फिशफाइंडरमध्ये आणि संशोधन-जहाजावरच्या इको-साउंडरमध्ये खरा फरक या गोळ्याचा आहे. तांडेलाला मासा आहे की नाही एवढे कळले तरी पुरते. इथे किती आहे ते सांगायचे असते, आणि ते पाच वर्षांनी दुसऱ्या जहाजावरच्या दुसऱ्या माणसाने मोजलेल्याशी ताडून पाहता आले पाहिजे.

एवढे सगळे करूनही निघालेला आकडा किती हलू शकतो, याचे मला माहीत असलेले सगळ्यात बोलके उदाहरण अंटार्क्टिकाचे आहे. २००० सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत ब्रिटन, अमेरिका, जपान आणि रशिया यांची चार जहाजे दक्षिण अटलांटिकमधल्या स्कोशिया समुद्रात समांतर रेघा आखून फिरली. शोध क्रिलचा होता. कोळंबीसारखा दिसणारा हा बोटाएवढा जीव देवमासे, सील आणि पेंग्विन यांचे मुख्य अन्न. अंटार्क्टिक सागरी सजीवांच्या जतनासाठी नेमलेला जो आंतरराष्ट्रीय आयोग आहे, भारतही ज्याचा सभासद आहे, त्याला क्रिल किती धरू द्यायचे ते ठरवायचे होते. क्रिलला वाताशय नाही आणि शरीराची घनता पाण्याच्या अगदी जवळची. त्यामुळे आवाज क्षीण, पण १२० किलोहर्ट्झला तो ३८ किलोहर्ट्झपेक्षा बराच जोरात येतो. या दोन उत्तरांतल्या फरकावरून क्रिल ओळखतात. पहिला हिशेब आला ४ कोटी ४३ लाख टन. मग एका क्रिलचा प्रतिध्वनी किती धरायचा याचे जुने सूत्र मागे पडले आणि त्याच्या शरीराचा वाक, जाडी, पोहण्याचा कोन हे सगळे धरणारे नवे भौतिक प्रारूप आले. २००७ साली नवा आकडा आला ३ कोटी ७३ लाख टन. त्या गणनेतल्या त्रुटी काढून २०१० साली तो पुन्हा केला, तेव्हा ६ कोटी ३ लाख टन.

या दहा वर्षांत तिथे तशी मोठी मोजणी पुन्हा झालेली नव्हती. २००० साली परतलेला आवाज, तोच साठवलेला, तोच पुन्हा पुन्हा वाचला. बदलला तो फक्त भाजक. हे वाचून एखादा म्हणेल, मग या आकड्यांना अर्थ काय? माझे मत उलटे आहे. आवाज जसाच्या तसा जपून ठेवला होता, म्हणून आधीचे गृहीतक बदलून हिशेब परत मांडता आला. जाळ्याने केलेल्या मोजणीत ही सोय नसते, त्या दिवशी निसटले ते निसटले. आणि आयोगानेही शहाणपणाने वागून मर्यादा दोन पायऱ्यांत बांधली. कागदोपत्री ५६ लाख १० हजार टनांची कमाल, पण ती मर्यादा लहान भागांत वाटून देईपर्यंत प्रत्यक्षात ६ लाख २० हजार टनांवर थांबायचे. २०१९ साली पुन्हा मोठी मोजणी झाली तेव्हा ६ कोटी २६ लाख टन निघाले. दोन आकडे जवळ आले म्हणून साठा स्थिर आहे, असे कुणी लगेच म्हणू नये; एकोणीस वर्षांत दोनदा डोकावून काढलेला तो निष्कर्ष असेल.

आता परत त्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या थराकडे. २०० ते १००० मीटरच्या या संधिप्रकाशी पाण्यात मुख्य वस्ती लँटर्नफिशची. सुमारे २५० जाती, बहुतेक बोटभर लांबीच्या, अंगावर प्रकाश देणाऱ्या ठिपक्यांच्या रांगा. १९८० साली अन्न व कृषी संघटनेसाठी योसेटर आणि कावागुची यांनी जगभरच्या जाळ्यांच्या नोंदी एकत्र करून या पाण्यातल्या माशांचे वजन सुमारे एक अब्ज टन ठरवले. जगातल्या समुद्रांतून माणूस वर्षाला साधारण आठ कोटी टन मासळी काढतो, हे लक्षात घेतले तर तोही आकडा लहान नव्हता. पण जाळ्याबद्दल शंका होतीच. नॉर्वेच्या स्टाइन कार्टवेट आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवून दिले, की हे इवलेसे मासे येणारे जाळे ओळखून बाजूला सरकतात. ध्वनीने दिसणारे मासे आणि जाळ्यात येणारे मासे यांचा मेळच बसत नाही. दरम्यान स्पेनचे ‘हेस्पेरिडेस’ हे जहाज २०१०-११ मध्ये मालास्पिना मोहिमेवर ३२ हजार सागरी मैल फिरून आले होते, आणि सगळ्या वाटेवर त्याचा ३८ किलोहर्ट्झचा इको-साउंडर चालू होता. त्या नोंदींवरून इरिगोयेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अंदाज मांडला: दहा अब्ज टन, किंवा त्याहूनही जास्त. पृथ्वीवरच्या माशांचे ज्ञात वजन एका शोधनिबंधाने कित्येक पट झाले. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला आणि काही उद्योगांना स्वप्न पडू लागले.

हा आकडा खोटा नाही, पण तो एका गृहीतकावर उभा आहे: थरातून आलेला आवाज मुख्यतः माशांचा आहे, हे ते गृहीतक. याच्या अर्धशतक आधी, १९६३ साली, एरिक बारहॅमने सॅन दिएगोबाहेर ‘त्रिएस्ते’ या खोलयानातून त्या थरात प्रत्यक्ष उतरून पाहिले होते. खिडकीबाहेर त्याला सायफनोफोर दिसले. जेलीफिशच्या नात्यातला हा प्राणी लांबलचक दोरीसारखा असतो आणि त्याच्या काही जातींच्या टोकाला वायूची एक चिमुकली पिशवी असते. पिशवी कणभर असली तरी विशिष्ट वारंवारितेला ती घंटेसारखी घुमते आणि आपल्या वजनाच्या मानाने प्रचंड आवाज परतवते. जाळ्यात हा प्राणी सापडत नाही, चिंध्या होऊन निघून जातो. म्हणजे जाळे मासे कमी मोजते आणि ध्वनी ते जास्त मोजू शकतो. उलट बाजूही आहे: लँटर्नफिशच्या काही जातींचे वाताशय वय वाढते तसे आकसते किंवा चरबीने भरते, ते मासे ध्वनीच्या हिशेबातून जवळजवळ निसटतात. रोलंड प्राउड आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली या सगळ्या शक्यता धरून पुन्हा गणित केले तेव्हा उत्तर १.८ ते १६ अब्ज टन असे पसरट आले. मला हा पसरट आकडा त्या एकेरी आकड्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो, मथळ्याला तो गैरसोयीचा असला तरी.

मोजणाऱ्या जहाजाची स्वतःची एक अडचण असते, ती थोडक्यात. मासे जहाजाच्या आवाजाला घाबरून खाली जातात म्हणून १९९५ मध्ये युरोपीय शास्त्रज्ञांनी संशोधन-जहाजे किती शांत असावीत याची शिफारस केली. नॉर्वेने तशी खास शांत ‘जी. ओ. सार्स’ बांधली आणि जुन्या, गोंगाटी ‘योहान योर्ट’शी तिची तुलना केली. हेरिंग शांत जहाजालाच जास्त बुजले! कारणाबद्दल बरेच तर्क झाले. जहाज पुढे सरकताना पाण्यात उठणारा अतिशय खालच्या पट्टीचा दाब माशांना जाणवत असावा, हा त्यातला एक. याशिवाय जहाजाच्या पोटाखालचे वरचे काही मीटर पाणी यंत्राला दिसतच नाही. २०२० साली साथीमुळे जहाजे निघू शकली नाहीत तेव्हा अमेरिकेने बेरिंग समुद्रातल्या पोलॉक माशांची मोजणी वाऱ्यावर चालणाऱ्या तीन मानवरहित नौकांकडून करून घेतली. त्यांच्यावरचा इको-साउंडर सौरऊर्जेवर चालतो आणि खाली इंजिनाची घरघर नाही. हा मार्ग पुढे वाढेल असे दिसते.

अरबी समुद्राची गोष्ट वेगळी मांडावी लागते. १९७५-७६ मध्ये नॉर्वेच्या ‘डॉ. फ्रिडयॉफ नानसेन’ या जहाजाने उत्तर आणि पश्चिम अरबी समुद्र इको-साउंडरने पिंजून काढला. ओमानच्या आखातात पाच-सहा सेंटिमीटरच्या एका लँटर्नफिशचे, बेन्थोसेमा टेरोटमचे, इतके दाट थर मिळाले की सगळ्या भागासाठी दहा कोटी टनांचा अंदाज पुढे आला. हा मासा वर्षभराच्या आतच जगून संपतो. आपल्या समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरच्या दरम्यान प्राणवायू जवळजवळ संपलेला एक पट्टा आहे, जगातल्या सर्वांत जाड अशा पट्ट्यांपैकी एक. हा मासा दिवसा तिथे जाऊन राहतो, जिथे त्याला खाणाऱ्यांचा श्वास कोंडतो. १९८४ साली डेन्मार्कमध्ये बांधलेल्या भारताच्या ‘सागर संपदा’नेही पुढे या थरांच्या नोंदी घेतल्या, ते जहाज आज कोचीच्या सागरी सजीव संसाधन केंद्राकडे आहे. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची वाट निराळी. मुंबई, गोवा, कोल्लम यांच्या समोरच्या खंडान्त उतारावर संस्थेने प्रवाह मोजणारी ध्वनियंत्रे वर्षानुवर्षे नांगरून ठेवली आहेत. हेतू प्रवाहांचा, पण प्रवाह मोजायला जो आवाज परतावा लागतो तो प्राणिप्लवकांवरूनच परततो. त्या आवाजाचा जोर वाचून प्लवकांचे ऋतुमान आणि त्यांची रोजची चढ-उतर काढता आली. मुद्दाम मोहीम न काढता मिळालेली ही माहिती मला कुठल्याही मोठ्या जहाजाच्या फेरीइतकी मोलाची वाटते, कारण ती पावसाळ्यातही थांबत नाही आणि बहुतेक जहाजे नेमकी तेव्हा बंदरात असतात.

दहा कोटी टनांचा तो आकडा मात्र अजून फिरतो आहे. हा मासा माणसाच्या ताटात जायचा नाही. त्याची मागणी मत्स्यपीठ आणि तेलासाठी आहे, तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला आणि पिंजऱ्यातल्या सॅमनला खाऊ घालण्यासाठी. इराणने ओमानच्या आखातात प्रायोगिक मासेमारी करून पाहिली आहे. हाच मासा रात्री वर येऊन खातो आणि दिवसा खाली जाऊन विष्ठा टाकतो, म्हणजे पृष्ठभागावरचा कार्बन खोलात पोचवण्याचे कामही करतो, आणि कुपा-ट्यूना, माखले यांचे ते अन्न आहे. एकाच थराबद्दल अंदाज नऊपटीने इकडे-तिकडे होत असेल, तर परवाने देणाऱ्याने कोणते टोक धरावे? माझ्या मते खालचे, आणि तेही अरबी समुद्रात एकाच वेळी अनेक वारंवारितांचा ध्वनी, कॅमेरा आणि जाळे घेऊन फुगा माशाचा कोणता आणि सायफनोफोरचा कोणता हे वेगळे केल्यानंतर. हे काम नानसेनच्या फेऱ्यांच्या वेळी शक्य नव्हते. आज त्याची साधने उपलब्ध आहेत.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे. पहिल्या भागात ध्वनीचे भौतिकशास्त्र आहे; ज्यांना लॉगरिदमचा जुना धसका आहे त्यांनी तो भाग चाळून पुढे जायला हरकत नाही, मात्र डेसिबलवरचे छोटे परिशिष्ट वाचावे, कारण साडेचार डेसिबल म्हणजे किती हे हाताशी नसेल तर पुढचा कुठलाच वाद नीट समजणार नाही. दुसऱ्या भागात मोहिमांचे आराखडे, रेघा किती अंतरावर आखायच्या याचे संख्याशास्त्र आणि ओळख पटवण्याच्या रीती आहेत. इकोग्राम मुद्दाम मोठे छापले आहेत. त्यांखालचा मजकूर वाचण्याआधी चित्रात काय दिसते ते स्वतः ठरवून पाहावे. संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यानचे तुकडे आधी घेतले तर सोपे जाईल, तेव्हा थर चढत असतो आणि कोण किती वेगाने चढते त्यावरूनच अर्धी ओळख पटते.